साळवेबाईंची हॅरिएट

हॅरिएट मेली नसती तर साळवेबाई आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या असत्या. वाचणाऱ्याला वाटेल, बाईचं वय झालंय, काहीतरी भलतंच लिहून बसली. कारण हॅरिएट ही हॉलिवुडची नटी, ती वारली तिकडे अमेरिकेत, आणि आमची शाळा शिरूरला, नदीच्या अंगाला, मिशनची, मुलींची, सहा खोल्यांची. दोन्हींचा संबंध काय? पण वाक्य बरोबर आहे. मी पस्तीस वर्षं मराठीचं व्याकरण शिकवलंय, मला वाक्य कळतं.

मुख्याध्यापिका पुढे मी झाले. ती शाळा आता नाही, इमारतीत कसलं तरी गोदाम आहे. जुन्या मुली, म्हणजे आता आज्या झालेल्या बायका, कधी लग्नाकार्यात भेटल्या की साळवेबाईंचा विषय काढतात. माझा काढत नाहीत. मला त्याचा राग येत असे, आता येत नाही, कारण त्यांचं बरोबर आहे.

मी रुजू झाले तेव्हा पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. मी दौंडची, आमचे आप्पा लोको शेडमध्ये फिटर. ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते आणि प्रोबेशनवर होते. साळवेबाई तेव्हा पंचेचाळिशीच्या. उंच, काटक, पांढरं पातळ, निळे काठ आणि काखेत बारा महिने छत्री. छत्री पावसासाठी नव्हती. आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो त्याच्याकडे त्या छत्री दाखवत. भूगोल आणि इंग्रजी शिकवत, आणि बोर्डिंगच्या चाळीस मुलींना सांभाळत. मुलीचं उत्तर चुकलं तर कधी ‘चूक’ म्हणत नसत. ‘असं का वाटलं तुला?’ विचारत, आणि खरंच उत्तराची वाट बघत उभ्या राहत. मुली म्हणायच्या, यापेक्षा छड्या बऱ्या.

त्यांचं लग्न झालं होतं. नवरा इनामगावकडचा, मुंबईला नोकरी बघायला गेला तो गेलाच. एवढंच मला माहीत आहे आणि तेही त्यांच्या तोंडून नाही. एकदा मी आगाऊपणे विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘गेला. गाडी येळेवर होती.’ आणि वह्या तपासायला लागल्या.

शाळेच्या मुख्य होत्या मिस साहेब, वयस्कर अमेरिकन मिशनरी बाई. त्या दोनेक वर्षांत मायदेशी जाणार आणि त्यांच्यामागे पहिल्यांदाच आपल्यातली बाई त्या खुर्चीत बसणार, ती म्हणजे साळवेबाई, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. साळवेबाईंनी ती जागा उघड मागितली होती. आमच्यात बायका अशा मागत नसत. विचारलं की ‘प्रभूची इच्छा’ म्हणायचं आणि खाली बघायचं, अशी रीत. साळवेबाई खाली बघत नसत. शाळा सातवीपर्यंत होती. सातवी झाली की मुलीचं लग्न, नाहीतर कुठल्यातरी बंगल्यावर आयाचं काम, फार तर दवाखान्यात मदतनीस. त्यांना मॅट्रिकपर्यंतचे वर्ग काढायचे होते. त्यासाठी दोन खोल्या कुठे बांधायच्या ती जागासुद्धा त्यांनी छत्रीच्या टोकाने आखून मला दाखवली होती. ‘मला ती खुर्ची पाहिजे, लीले,’ म्हणाल्या होत्या. ‘बसायला न्हाई. सही करायला.’

आता हॅरिएट.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की साळवेबाई अकराच्या एसटीने न्हावऱ्यावरून दौंडला जात. दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमच्या मंडळीतली, म्हणजे ख्रिस्ती, वीस-पंचवीस घरं होती. तिथल्या बायकांचा बायबलचा वर्ग त्या दोन ते साडेतीन घेत, मनापासून घेत. चार वाजता रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे त्यांच्या क्लबात, इंग्रजी पिक्चर असे. पुढच्या वेताच्या खुर्च्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्ड आणि त्यांच्या मडमांच्या. मागे बाकं, आमच्यासारख्यांची. आप्पांच्या पासावर दोन माणसं आत जात. एक साळवेबाई आणि दुसरी मी. रात्री आमच्याकडे मुक्काम, रविवारी पहाटेची एसटी धरून उपासनेला शिरूरच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, हजर.

मंडळीत सिनेमाला बंदी होती. कुठे लिहिलेली नव्हती, पण होती. तमाशा, दारू, सिनेमा हे एका श्वासात घ्यायचे शब्द होते. कुणी सापडलं तर कमिटीपुढे बोलवत आणि काही महिने प्रभुभोजनाला बंदी करत. बाहेरच्या माणसाला ही शिक्षा क्षुल्लक वाटेल. पण आमचं गाव केवढं, मंडळी केवढी. महिन्यातून एकदा प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरतं आणि तुमच्यापुढे न थांबता पुढे जातं, ते दोनशे माणसं बघतात.

इन्स्टिट्यूटमध्ये सगळ्या नट्यांचे पिक्चर येत. साळवेबाई सगळे बघत, पण मोजत फक्त हॅरिएटचे. त्यातले आवडते चार. इंग्रजी नावं त्या कधी घेत नसत, मला ती आजही ठाऊक नाहीत. त्यांनी आपली नावं ठेवली होती: खानावळीचा, मास्तरणीचा, आगबोटीचा आणि म्हातारीचा.

खानावळीच्यात हॅरिएट एका बंदरावर खानावळ चालवते. एक पाहुणा येतो, राहतो, वचनं देतो आणि एके सकाळी निघून जातो. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या खोलीतली चादर बदलते आणि बाहेर ‘खोली रिकामी’ अशी पाटी लावते. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची, मला हुंदका आवरेना. साळवेबाईंनी हातरुमाल दिला आणि बाहेर आल्यावर मला झाडलं. ‘ती रडली का? न्हाई ना? मग तू कुणासाठी रडतीस? ती रडत न्हाई म्हणून तर मी येते. आपल्या मंडळीत बायका उठता-बसता रडत्यात, आन् पुरुषांना ते बरं वाटतं.’

मास्तरणीच्यात ती डोंगरातल्या गावात शिकवते आणि गाव तिला छळतं. तो साळवेबाईंनी तीनदा पाहिला, पण त्यात खोडी काढत. म्हणत, हिच्या वर्गात नऊच मुलं, नऊ मुलांना कुणीही शिकवील. सगळ्यांत लाडका कोणता, तर आगबोटीचा. ऐकून मला नवल वाटलं होतं, कारण तो निव्वळ विनोदी होता. श्रीमंत घरची हॅरिएट लग्नाच्या मांडवातून पळते, बोटीवर स्वैपाकीण म्हणून लपते, तिला साधं अंडं उकडता येत नाही, आणि कप्तानाशी पावणेदोन तास भांडते. त्यात शहाणपणाचं एक वाक्य नव्हतं. साळवेबाई बाकावर पुढे झुकून, पदर तोंडाशी धरून, खांदे हलेपर्यंत हसत. शाळेत त्यांना तसं हसताना कुणी पाहिलं नाही. त्या हसण्यासाठी मी दर शनिवारी जात होते असं मला आता वाटतं. तेव्हा मी मला पिक्चर आवडतात असं समजत होते.

म्हातारीच्याची गोष्ट वेगळी. त्यात हॅरिएट पांढऱ्या केसांची आई झाली होती. पिक्चरचे डबे पुण्याहून पॅसेंजरने येत. त्या दिवशी सहातला एक डबा हमालाने उतरवलाच नाही, तो मनमाडकडे गेला की सोलापूरकडे हे स्टेशनमास्तरालाही सांगता येईना. जंक्शनच ते. तर शेवटचं रीळ नाही. म्हातारी मुलाचं पत्र हातात घेऊन दाराशी उभी राहते आणि पडदा पांढरा. पुढच्या खुर्च्यांवरून शिट्ट्या, आरडाओरडा. साळवेबाई शांत बसून होत्या. मग त्यांनी छत्रीने ऑपरेटरला खूण करून बोलावलं आणि विचारलं, पत्रात काय होतं ते तरी तुला माहीत आहे का. त्याला माहीत नव्हतं. ‘मग आपण ठरवू,’ म्हणाल्या.

आणि त्यांनी ठरवलंही, दर वेळी वेगळं. ते मला बोर्डिंगमध्ये कळलं.

रविवारी दुपारी बोर्डिंगच्या ओट्यावर मुलींचे केस विंचरायचा कार्यक्रम असे. बारीक दाताची फणी, खोबरेल तेल, आणि मुली एकापुढे एक बसलेल्या. उवा काढायला तास-दीड तास लागे. तेवढा वेळ मुलींनी हलू नये म्हणून साळवेबाई हॅरिएटची गोष्ट सांगत. बंदर मुलींना कळणार नाही म्हणून खानावळ त्यांनी दौंड जंक्शनला आणली. मास्तरणीचं गाव घोडनदीच्या वरच्या अंगाला नेलं. आगबोट मात्र ठेवली, तिला पर्याय मिळेना. ‘पिक्चर’ हा शब्द मुलींसमोर त्यांनी कधी उच्चारला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, उद्या कुणी मुलींना विचारलं तर त्यांच्यावर खोटं बोलायची पाळी यायला नको.

त्यामुळे झालं असं की मुली हॅरिएटला बाईंची नातेवाईक समजल्या. आमच्यात ते अगदी सहज होतं. आमच्या मंडळीत एक मार्था, दोन एलिझाबेथ आणि एक व्हिक्टोरिया होती, आणि सगळ्यांचं आडनाव जाधव नाहीतर गायकवाड. हॅरिएटमावशी लांब कुठेतरी राहते, तिच्या आयुष्यात फार घडामोडी होतात आणि बाई दर शनिवारी दौंडला तिची खबर आणायला जातात, एवढं मुलींना पुरेसं होतं. सोमवारी भूगोलाच्या तासाला एखादी हळूच विचारायची, ‘बाई, हॅरिएटमावशीचं काय कळलं का?’ साळवेबाई म्हणत, ‘बरी हाय. आता नदी कुठून उगम पावते ते सांग.’

त्यांनी मुलींना सुधारलं नाही. मला वाटतं, त्यांनाही ते आवडत होतं.

मिस साहेबांकडे येणारी इंग्रजी वर्तमानपत्रं महिना-दीड महिन्याने बोर्डिंगमध्ये येत, कपाटाच्या फळ्यांवर घालायला. एका शुक्रवारी साळवेबाई फळीवर कागद पसरता पसरता थांबल्या. दोन बोटांची बातमी होती, आतल्या पानावर. हॅरिएट वारली होती. आजारी होती, एकटी होती, आणि तिला जाऊन पाच आठवडे झाले होते. साळवेबाईंनी तो कागद घडी करून कपाटात ठेवला आणि फळीवर दुसरा घातला. संध्याकाळी मी गेले तेव्हा त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. रडत होत्या. मी कधी पाहिलं नव्हतं तसं. मी कंदिलाची काच पुसत बसले.

त्या शनिवारी आम्ही दौंडला गेलो नाही. रविवारी देवळाच्या दाराशी प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांची पेटी असे, तिच्यात साळवेबाईंनी चिठ्ठी टाकली. मी शेजारी होते, मी वाचली: ‘हॅरिएट परदेशी प्रभूत निजली. मंडळीने आठवण करावी. एस्तेर साळवे.’ मी त्यांचा हात धरला. बाई, हे काय करताय, म्हटलं. त्यांनी हात सोडवून घेतला.

‘मेली ती. मेलेल्या माणसाची आठवण करायची न्हाई तर मंडळी कशाला हाय?’

पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांनी, चिठ्ठी वाचली, गहिवरून वाचली. मुलींच्या बाकांवरून एक हुंदका आला, मग दुसरा. हॅरिएटमावशी गेली. दोनशे माणसांनी माना खाली घालून त्या कुटुंबाच्या सांत्वनासाठी प्रार्थना केली. मग आमच्यात जे होतं ते सुरू झालं. दुःखाच्या घरात चूल पेटवायची नाही म्हणून तीन दिवस कुणी भाकरी-आमटी आणली, कुणी पिठलं, कुणी दूध. पाळकीणबाई स्वतः डबा घेऊन आल्या आणि विचारलं, सख्खी का चुलत? साळवेबाई म्हणाल्या, ‘सख्ख्यासारखीच.’ तेवढं एक वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. खोटं होतं असं मी म्हणणार नाही, पण कमिटीपुढे पुढे तेच वाक्य आलं. त्यांनी सगळ्यांचं सांत्वन घेतलं, सगळ्यांची भाकरी खाल्ली. नवरा गेला तेव्हा कुणी आलं नव्हतं. तो मेला नव्हता ना, निघून गेला होता. त्या दुःखाला डबा आणायची रीत नाही.

बुधवारी पाळकसाहेब बोर्डिंगमध्ये आले. पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते, हे मला लिहिलं पाहिजे. मुलींना दुःख झालंय हे ऐकून ते चांगल्या मनाने आले होते. साळवेबाई बाजारात गेल्या होत्या, मी मुलींपाशी होते. त्यांनी चाळीस जणींना ओट्यावर बसवलं, एक लहानसा बोध केला आणि म्हणाले, चला, आपल्या दिवंगत बहिणीची एकेक चांगली आठवण सांगा बरं.

तबिता नावाची सहावीतली मुलगी उठली. म्हणाली, हॅरिएटमावशी दौंड स्टेशनवर खानावळ चालवायची. पाळकसाहेबांनी मान डोलावली. दुसरी म्हणाली, मावशी लग्नाच्या मांडवातून पळून गेली होती, आगबोटीत. तिसरी म्हणाली, ते पहिलं लग्न, तिसऱ्या नवऱ्याला तिनं स्वतःच सोडलं. कुणीतरी भर घातली की मावशीनं एकदा माणूस मारला होता, पण तो वाईट होता. आणि सगळ्यांत धाकटी, दुसरीतली रूथ, रडत उठून म्हणाली की मावशी मागंबी एकदा तापानं मेली होती, पण नंतरच्या रविवारी बरी झाली, तर आताही होईल का?

मी हसायला हवं होतं. आता लिहिताना हसू येतं. त्या वेळी आलं नाही, कारण पाळकसाहेब माझ्याकडे बघत होते.

कमिटी शनिवारी बसली, देवळामागच्या खोलीत. पाच पुरुष, पाळकसाहेब आणि कोपऱ्यात मिस साहेब. साळवेबाईंनी सगळं सांगितलं होतं, काही लपवलं नव्हतं, फक्त बरोबर कोण असे ते सांगितलं नव्हतं. त्यांना बाहेर ओट्यावर बसवून मला आत बोलावलं. दार उघडंच होतं, उकडत होतं म्हणून. मला विचारलं, तुम्ही दौंडच्या, त्या तुमच्याकडे उतरत. तुम्हीही आत जायचात का?

माझं प्रोबेशन होतं. धाकटा भाऊ माझ्या पगारावर शिकत होता. आप्पा दौंडच्या मंडळीत वडीलधारे होते. ही सगळी कारणं खरी आहेत आणि मला ती नंतर सापडली. त्या क्षणी मी फक्त घाबरले होते. मी म्हटलं, नाही. मी बाहेर बाकावर बसायचे, वाचत.

‘काय वाचत?’ एकाने विचारलं.

‘स्तोत्रं,’ मी म्हटलं.

कुणाला संशय आला नाही. उलट एक जण पुटपुटला की तरुण मुलगी शहाणी निघाली. मिस साहेब आपल्या हाताच्या नखांकडे बघत होत्या. मी बाहेर आले तेव्हा साळवेबाई ओट्यावर छत्री टेकून, समोरच्या लिंबाकडे बघत बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

निकाल सौम्य होता. येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी उभं राहून त्यांनी म्हणायचं की सिनेमा बघणं पाप होतं, मी मंडळीला फसवलं, मला क्षमा करा. मग तीन महिने ताटाला बंदी आणि विषय संपला. पाळकसाहेबांनी मला मुद्दाम सांगितलं की खुर्चीला धक्का लागणार नाही, तेवढं तुम्ही त्यांना समजवा. मी समजवायला गेले. मीच. म्हटलं, बाई, चार शब्द आहेत, बोलून टाका. मॅट्रिकच्या वर्गांचा विचार करा.

साळवेबाई उश्यांचे अभ्रे मोजत होत्या. त्यांनी मोजणं थांबवलं नाही. ‘ती कोण ते मंडळीला सांगितलं न्हाई, ही माझी चूक. ते मी कबूल करीन. पण तिला बघणं पाप होतं, हे कसं म्हणू? मला तसं वाटत न्हाई. मंडळीला एकदा फसवलं म्हणून क्षमा मागायला उभं राहायचं, आन् उभ्या उभ्या परत फसवायचं. असं करू म्हणतीस?’

मी म्हटलं, कुणाला कळणार आहे?

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दमलेलं माणूस बघतं तसं.

त्या रविवारी देऊळ भरलं होतं. न्हावऱ्याहूनसुद्धा लोक आले होते. साळवेबाई उठल्या, पुढच्या बाकाला हात टेकला, आणि मुलींना गणित घालावं तशा स्वच्छ आवाजात बोलल्या. ‘हॅरिएट नटी होती. ते मी तुम्हाला सांगितलं न्हाई आन् तुमच्या घरची भाकरी खाल्ली. त्याची क्षमा मागते. ती आपलं काम चांगलं करायची. तिला बघितल्याची क्षमा मी मागणार न्हाई, कारण मला त्याचं वाईट वाटत न्हाई.’ आणि खाली बसल्या.

मुलींच्या बाकांवर तबिता मोठे डोळे करून साळवेबाईंकडे बघत होती. मावशी नव्हतीच हे तिला त्याच क्षणी कळत होतं. पाळकसाहेबांनी घाईघाईने गीताचा क्रमांक सांगितला. मग ताट निघालं. आमच्या बाकावर आधी साळवेबाई, मग मी. ताट धरणाऱ्याने त्यांच्या पुढ्यातून हात लांब करून ते माझ्यापुढे आणलं. मी तुकडा घेतला. चावून गिळला.

पंधरा दिवसांत साळवेबाईंनी राजीनामा दिला. जायच्या दिवशी मुलींना वर्गात कोंडून ठेवलं होतं, तसं करायला मलाच सांगितलं होतं, आणि मी कडी घातली. त्या दौंडला गेल्या. मला वाटलं आमच्याकडे उतरतील. आप्पा दोन वेळा बाहेर येऊन रस्ता बघून गेले म्हणे. त्या बाजारामागे खोली घेऊन राहिल्या आणि रेल्वेवाल्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागल्या.

मिस साहेब पुढच्या वर्षी गेल्या. सामान बांधायला मी मदतीला होते. पेटीत पुस्तकं भरता भरता त्या इंग्रजीत सहज म्हणाल्या की कॉलेजात असताना त्यांनी हॅरिएटला पडद्यावर पाहिलं होतं, मैत्रिणींबरोबर, दोन वेळा. फार छान होती, म्हणाल्या. मग कमिटीत का नाही बोललात, असं मला विचारता आलं नाही. मी कोणत्या तोंडाने विचारणार?

मध्ये चार वर्षं अहमदनगरहून आलेल्या एक बाई होत्या, त्यांना शिरूर मानवलं नाही. मग मी. कमिटीला न अडणारी बाई हवी होती आणि मी अडत नाही हे त्यांनी बघितलं होतं. मला ती खुर्ची नको होती, गळ्यात पडली, असं मी पुष्कळांना सांगत आले. साफ खोटं आहे. मला हवी होती. मॅट्रिकच्या वर्गांचा विषय मी दोनदा काढला, दोनदा तो पुढच्या सभेवर गेला. तिसऱ्यांदा काढला नाही. तबिताचं सातवीनंतर लग्न झालं. रूथ पुण्याला एका बंगल्यावर मुलं सांभाळायला गेली.

साळवेबाईंना शेवटचं पाहिलं ते साठचं दशक सरत आलं तेव्हा. पाळकीणबाई आणि मी स्त्रियांच्या मेळाव्यासाठी सोलापूरला निघालो होतो, दौंडहून रेल्वे धरायची होती. भर दुपार, प्लॅटफॉर्मवर माणसं तुरळक. साळवेबाई पुलावरून उतरून आल्या. केस पार पांढरे, पातळ विरलेलं, हातात शिकवणीच्या वह्यांची पिशवी. छत्री तेवढी नवी होती. मी बाकामागे बघितलं, कुठे सरकता येतंय का. पण त्यांनीच आम्हाला ओळखलं आणि जवळ येऊन सलाम केला.

पाळकीणबाईंनी गोड आवाजात चौकशी केली. तब्येत कशी, खोली कशी, उपासनेला जाता का? साळवेबाई म्हणाल्या, जाते, मागं बसते. आणि सिनेमा? पाळकीणबाईंनी हसत विचारलं. ‘व्हय, तोबी. पण आता तिचे येत न्हाईत. जुने झाले.’

मग पाळकीणबाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, लोक काय काय बोलतात बघा. परवाच कुणीतरी म्हणत होतं, आपल्या लीलाबाईसुद्धा तेव्हा यांच्याबरोबर आत बसायच्या म्हणून. खरं का हो?

गाडीचा सिग्नल पडला होता. इतक्या वर्षांनी एक ‘हो’ म्हणायचा होता. माझं प्रोबेशन केव्हाच संपलं होतं, भाऊ नोकरीला लागला होता, आप्पा गेले होते. कारण एकही शिल्लक नव्हतं. मी तोंड उघडलं, आणि पुन्हा घाबरले.

साळवेबाई मध्येच बोलल्या, अगदी साध्या आवाजात. ‘छे. त्या कशाला आत येतील? त्या भाईर बाकावर बसायच्या. स्तोत्रं वाचत.’

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. शब्दन् शब्द. आणि ज्या बाईने स्वतःसाठी दोनशे माणसांपुढे एक खोटं वाक्य बोलायला नकार दिला, तिने ते माझ्यासाठी बोलून टाकलं. मला ‘लीले’ म्हणणाऱ्या बाईने मला ‘त्या’ म्हटलं. त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता.

गाडी आली. साळवेबाईंनी पाळकीणबाईंची पेटी उचलून डब्यात चढवून दिली, मग मला हात दिला. मी तो धरून वर चढले. गाडी हलेपर्यंत त्या थांबल्या नाहीत, शिकवणीची वेळ झाली होती. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती, आणि पुलाची पायरी चढताना त्या कठड्याला धरत होत्या ते दिसत होतं.

पाळकीणबाईंनी पदराने वारा घेतला. म्हणाल्या, एवढी शिकलेली बाई, पण स्वतःच्या हाताने वाटोळं करून घेतलं, नाही का?

मी म्हटलं, हो.